सव्वीस वेळा बंद, सव्वीस वेळा चालू

...आणि वर आमचे बाबा मलाच विचारतात, "डब्याला हात कोणी लावला?" अहो, मला काय विचारता! घरात काय मी एकटाच आहे... थांबा, थांबा. आधी माफी मागतो. मी आठवीत शाळा सोडली, सोफ्याच्या गाद्या शिवतो, चार माणसांसमोर तोंड उघडलं की घाम फुटतो, म्हणून हे सगळं कागदावर लिहून आणलंय. शुद्धलेखनाची बोंब आहे, शब्द साधेच आहेत. पण तुम्हाला ते ऐकायचेत, बघायचे नाहीत, त्यामुळे निम्मी अब्रू वाचली!

तर डबा. वायफायचा. आणि एक नाही हो, तीन! घर दुमजली, भिंती जाड, म्हणून मोठा डबा खाली हॉलमध्ये, दुसरा जिन्याच्या वळणावर, तिसरा वर ताईच्या खोलीत. खालच्याने मधल्याला द्यायचं, मधल्याने वरच्याला. पांढरा दिवा म्हणजे चालू, लाल म्हणजे गेलं. आमच्याकडे महिनाभर नुसता लाल!

आता बाकीच्यांचं ठीक आहे. बाबांच्या बातम्या अडकल्या म्हणून जग थांबत नाही. पण माझी ताई घरी बसून एका दवाखान्याचे फोन घेते, पेशंटना डॉक्टरांची वेळ देते, आणि ते फोन येतात नेटवरून. कोणी आजोबा सांगतायत, "बाळ, कालपासून दम लागतोय..." की फट्! बंद! दोनदा झालं असं. तिसऱ्यांदा तिच्या मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी चार वाजता मी स्वतः तुमचे कॉल ऐकणार आहे. तुटला, तर सोमवारी हेडफोन परत आणून द्या." ताई दोन दिवस धड जेवली नाही.

मदतीच्या नंबरवर फोन केला की एकच, "सर, बंद करून चालू केलंत का?" केलं की! "पुन्हा करून बघा, सर." तेवढं एक वाक्य अख्ख्या घराला पाठ झालं, तुम्हाला सांगतो, आणि तिथेच घात झाला.

शुक्रवारी दुपारी नेटच्या कंपनीने बाई पाठवल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला, खांद्यावर पिशवी. मला वाटलं, आता शिडी मागतील, वायरी कापतील... कसलं काय! पाणी प्यायल्या, खुर्चीत बसल्या आणि विचारलं, "डब्यांना हात कोण लावतं?"

बाबा म्हणाले, "मी? छे!" काका म्हणाले, "मी तर तिकडे बघतसुद्धा नाही." आई म्हणाली, "मी फक्त पुसते." मी नुसती मान हलवली. हात कोणीच लावला नव्हता!

बाईंनी मोबाईलवर काहीतरी उघडलं आणि शांतपणे वाचायला लागल्या. "काल दिवसभरात सव्वीस वेळा बंद-चालू. सात दहा, खालचा. सात बारा, मधला. सात चौदा, वरचा. सात सोळा, परत खालचा..."

आम्ही चौघं चार दिशांना बघायला लागलो! कारण सात दहाला बाबांच्या बातम्या अडकतात. बाबा खालचा बंद करतात. मग मधल्याला खालून काही मिळेना, तो लाल. काका खोलीतून डोकावतात, लाल दिसला की मधला बंद. मग वरचा लाल. आणि वरचा कोण बंद करतं? ...मी. ताई कानाला हेडफोन लावून बसलेली, मी मागून चोरपावलांनी जातो, काळजीपोटी हो! तोवर खाली बाबा, "अजून नाही आलं?" की परत खटका! दुपारी आई पुसते, ती प्लग काढून पुसते. सव्वीसातले अकरा माझे होते. पण हात कोणीच लावला नव्हता!

"उठून उभं राहायला त्याला पाच-सात मिनिटं लागतात," बाई म्हणाल्या. "लाल दिवा म्हणजे तो उठतोय. तुम्ही उठूच देत नाही." आणि मोबाईल बाजूला ठेवून म्हणतात कशा, "लाईट जात असेल सारखी." बघा हो मोठेपणा! चार गुन्हेगार समोर, एकालाही नाव घेऊन विचारलं नाही!

"आता चारपर्यंत कोणी उठायचं नाही." आम्ही चौघं सोफ्यावर ओळीने. बाईंनी पिशवीतून सुई-दोरा काढला आणि पिशवीचा उसवलेला पट्टा शिवायला घेतला. टाका इतका सरळ... मी रोज शिवतो, मला कळतं. अशा हाताला घाई माहीतच नसते.

चारला दहा कमी आणि दिवा लाल! ताई वरून रडकुंडीला, "बाई, गेलं! आता काय करू?"

"काही करू नकोस. एखादवेळी जातंच. वाट शोधतोय तो, शोधू दे."

बाबा अर्धे उठले. बाईंनी मान वर न करता म्हटलं, "भाऊ..."

"पाय मोकळे करत होतो!"

मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. सात मिनिटं, तुम्हाला सांगतो, सात वर्षं! आणि चारला तीन कमी असताना... पांढरा!

मग वरून ताईचा आवाज, "नमस्कार, कोणत्या डॉक्टरांची वेळ हवीय?" एक कॉल, दुसरा, सातवा... तासभर एकही तुटला नाही. शेवटी मॅडमनी विचारलं, "बिघाड नक्की काय होता?" ताई म्हणाली, "चार होते, मॅडम. चारही सोफ्यावर बसवलेत." बाई इतक्या हसल्या की दोरा तुटला!

जाताना मला म्हणाल्या, "खरी कसोटी उद्या सकाळी. दुरुस्त झालं की माणसं खात्री करायला जास्त हात लावतात."

दुसऱ्या दिवशी सहालाच उठून मी मोठ्या डब्यासमोर खुर्ची टाकून बसलो. सात दहाला बाबा, "जरा बघतो, नीट चाललंय ना?" म्हटलं, "बाबा, बसा." मग काका. मग फडकं घेऊन आई. वर ताईचे कॉल धडाधड चाललेले, आणि नऊ वाजता दुकानातून मालकांचा फोन, "कुठे मेलास? करतोयस काय?"

म्हटलं, "मालक, काहीच करत नाहीये... पण ते अर्धवट टाकून येता येत नाही."