शपथेतला अपवाद

मठाच्या शाळेतून मी आज धावतच घरी निघाले होते. बिशपच्या दारातल्या रांगेत एरमांगारकाकू आणि सरदार एन्गेराँचा मोतद्दार तिबो कडाकडा भांडत होते, मग मी थांबलेच.

“तुझ्या धन्यानं संतांच्या अस्थींवर हात ठेवून शपथ घेतली होती ना, गरिबाचं घर जाळणार नाही म्हणून?”

“घेतली होती, काकू. पण आत शत्रूचा सरदार लपला असेल तर जाळता येतं. शपथेतच आहे तसं.”

“अरे मेल्या, तो दार फोडून घुसला! मी काय त्याला आवतण दिलं होतं?”

“कसा घुसला, ते शपथेत नाही.”

“आणि माझा सासरा? लंगडा म्हातारा, आतच राहिला.”

“सासऱ्याचंही नाही.”

“शपथ मोडली असं बिशपांनी म्हटलं, की घर बांधून द्यावं लागेल तुझ्या धन्याला. थंडीत पोरं उघड्यावर निजतायत माझी.”

“मोडलेलीच नाही, तर कशी म्हणतील?”

“तो घुसलेला तरी मेला ना?”

“छे! सरदाराला कुणी जाळतं का? धन्यानं हाक मारली, तो बाहेर आला, दोघांनी मिठी मारली. आत बसलाय बघा. आपण त्या घरात होतो, अशी साक्ष द्यायला आलाय.”