दुधातले थेंब

हॅलो?… कोण, सूनबाई? अगं मोठ्याने बोल, कुकर शिट्ट्या मारतोय… थांब, गॅस बंद करते. हां. आला का ठमीचा रिपोर्ट?

…किती?

सात? दोन महिन्यांपूर्वी आठ होतं ना! औषधाने रक्त वाढायचं की उतरायचं? दुसऱ्याच पोराचा कागद नाही ना दिला? नाव बघ नीट… हो, हो… बरं.

कुठे आहे ती? खांद्यावर… झोपली? सारखी झोपतेच गं. मला आपलं वाटायचं, गुणी बाळ आहे, त्रास देत नाही.

मी नाही घाबरले. तूही घाबरू नकोस. बालवाडीत तपासलं तेव्हा बाविसांतल्या चौदा पोरांचं कमीच निघालं होतं. बाई म्हणाल्या नव्हत्या, हल्ली घरोघरी हेच?… हो गं. कळतंय मला. घरोघरी आहे म्हणून आपलं पोर बरं होत नाही.

माझी धाकटी बहीण… सांगितलंय ना तुला? भिंतीचे पोपडे खायची. येणारा-जाणारा म्हणायचा, काय गोरीपान पोर! पांढरीफटक पडली होती ती, आणि आम्ही गोरी म्हणून मिरवत होतो. चौथं वर्ष नाही लागलं तिला… नाही, रडत नाहीये. तू बोल. डॉक्टर काय म्हणाले?

कमरेच्या हाडात सुई? एवढ्याशा जिवाला? कशासाठी?… नेमाने औषध देऊनही वाढत नाही, म्हणजे काहीतरी वेगळं असणार… उद्याच?

…

सूनबाई. अगं ऐक ना… नाही, आधी ऐक. थांबले तर तोंडातून निघायचं नाही. लोहाचे थेंब एक दिवस चुकवले नाहीत मी. पण दुधात घातले. बाटलीत… हो, रोज. तू फ्रिजवर चिठ्ठी चिकटवली होतीस, दुधाबरोबर नको, अंगी लागत नाहीत, संत्र्याच्या रसातून द्या. रसातून दिले की थुंकायची गं! मला वाटलं, दूधच तर आहे, विष नव्हे. जेवली नाही की आणखी एक बाटली.

शिव्या दे हवं तर.

डॉक्टर कुठे आहेत? जिन्यात? मग पळ, गाठ त्यांना!… नको, तू नको सांगूस. सासूवर ढकलतेय म्हणतील. फोन त्यांना दे, मीच बोलते.

हॅलो… मी ठमीची आजी. चूक माझी आहे, डॉक्टर… हो, दुधातच. दिवसाला चार बाटल्या. कधी पाच… हो… दूध कमी… पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त… म्हणजे सुई उद्या नाही?… आणि तेव्हाही नाही वाढलं तर?… हं. कळलं.

सूनबाई? ऐकलंस?… सोमवारी कामावर जाशील ना? मग ठमीला कोण…

मीच?

…हो. हो गं. रसातूनच.

कोण रडतंय? उठली का?… बाटली मागतेय? नको देऊस. रडू दे… नाही, फोन नको ठेवूस. तिच्या कानाला लाव.

ठमे… ए ठमे… आजी आहे गं.