पुढच्या चाकांना नमस्कार

केशोराव : ...आणि गेअरबॉक्सचा नट उघडला, तर ऑइलच्या आधी मासोळ्या बाहेर. तीन. जिवंत. नवेगाव बांधच्या पाण्यात बुडालेली जीप होती ती, अन् विकणारा शपथ घेऊन सांगत होता का एकाच डॉक्टरनं चालवली म्हणून. तवापासून मी आधी बोट बुडवतो. हे पाहा जमुना, ऑइल काळं आहे, चांगलं आहे. दुधाच्या चहावानी दिसलं असतं, तर समजायचं, पाणी आत गेलं.

जमुना : मांगच्या खेपेले मासोळ्या दोनच होत्या, काका.

केशोराव : त्यातली एक गाभोळीवर होती.

उमेंद्र : काकाजी, चाय थंडी होऊन राहिली. सकाळपासून तुम्ही गाडीच्या खाली. आमच्या मुर्री गावचे लोक रस्त्यावर थांबून पाहून राहिले, का उमेंद्रच्या अंगणात गाडी विकून राहिली का पोस्टमार्टम चालू आहे.

केशोराव : पाहू दे. आल्या आल्या मी बोनेटवर हात ठेवला तेव्हाच तुला अर्धे मार्क देऊन टाकले. बोनेट थंड होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवणाऱ्याच्या घरचं मी पाणी पीत नाही. थंडी गाडी एका सेल्फात उठली. धूर निळा नाही, पांढरा नाही. चारही टायर एका मापाचे. पण हा नवा रंग माझ्या मनात बसत नाही. रंग कायले मारला?

उमेंद्र : विकायची म्हणून. बाबूजी गेले तेव्हापासून दोन साल टिनाखाली उभी होती. मला मोबाईलच्या दुकानातून फुरसत नाही, अन् खरं सांगू का, ही गाडी मला चालवता येत नाही. बाबूजी कोणाला हातच लावू देत नव्हते.

केशोराव : रंगाखाली लोक जंग झाकतात. म्हणून हा पेचकस. चेसिसवर ठोकायचा. टण् वाजलं तर लोखंड, भद् वाजलं तर पापड. ऐक. टण्. इकडंही टण्. तुझ्या बापानं, छोटेलालनं, गाडी पोरीसारखी सांभाळली. मधल्या शाफ्टचा क्रॉस मात्र झिजला आहे, हलवला का खट् म्हणते. तो बदलावा लागेल. लहान काम आहे.

जमुना : काका, ते सारं ठीक हाये. नाल्यातून बाहेर निगते का, येवढंच सांगा.

उमेंद्र : नाला कोणता, बाई?

जमुना : आमच्या वस्तीचा, टोल्याचा. मी तिथली आशा वर्कर हाये जी. पाणी पडलं का नाला भरते, मंग उतरला तरी मईनामईना चिखल. ॲम्बुलन्स अलीकडंच थांबते. गेल्या सालच्या श्रावणात मोनालीले बाजेवर घेऊन निगालो आमी. चार जन खांद्यावर. पोरगी चिखलातच झाली. जगल्या दोघी, पन ते कसं झालं ते माझं मले मालूम. तवा ग्रामसभेनं ठरवलं का यंदाच्या तेंदूपानाच्या पैशात गाडी घ्यायची. आता पाणी पडाले पंधरा दिवस हायेत. आज हो का नाई, हे मले सांजच्याले सभेत सांगा लागते. दुसरी गाडी पाहाले टाइम नाई.

उमेंद्र : म्हणजे तुम्हाला फोर बाय फोर, चारही चाकांची ताकद पाहिजे.

जमुना : त्याच्यासाठीच तं आलो. दोन चाकांची गाडी तं ॲम्बुलन्सही हाये.

उमेंद्र : मग मी एक गोष्ट लपवणार नाही. फोर व्हील लागत नाही. गेअरजवळची छोटी दांडी पडते, पण पुढची चाकं ओढत नाहीत. मिस्त्रीला दाखवली. त्यानं सांगितलं, पुढचं सारं गेलं, खोलावं लागेल, सामान नागपूरहून येईल, दोन महिने. म्हणून तर भाव इतका कमी ठेवला.

जमुना : मंग सकाळपासून काऊन नाई सांगितलं?

उमेंद्र : काकाजी सांगू देतील तर सांगीन ना. पहिले मासोळ्या, मग डॉक्टर, मग चेसिस.

जमुना : चला काका. उठा. बारा वाजताची बस भेटते.

केशोराव : थांब जरा. मिस्त्री कोणता होता?

उमेंद्र : आपल्या गल्लीतलाच. ट्रॅक्टरवाला.

जमुना : थांबून काय करू? सभेत मी काय सांगितलं होतं, मालूम हाये तुमाले? लोक म्हनत होते, जीप कायले, ट्रॅक्टर घ्या. मी उभी राहिली अन् तुमची गोष्ट सांगितली. का केशोकाका जंगल खात्याची जीप चालवत होते, आमच्या नाल्यात फसले, बोनेटवरून पाणी जात होतं, अन् त्याईनं छोटी दांडी ओढली तशी जीप वाघावानी उडी मारून काठावर आली. लहानपनापासून आयकून राहिली मी ते. साऱ्या टोल्यानं हात वर केले त्या गोष्टीवर. आता सांगा, त्या दिवशी दांडी कशी ओढली होती? तशीच ओढा इथं.

केशोराव : चहा दे रे उमेंद्र.

उमेंद्र : थंडा झाला.

केशोराव : चालते.

जमुना : काका, मी इचारून राहिली.

केशोराव : उमेंद्र, तू ही गाडी सुरू करायच्या आधी वाकून पुढच्या चाकांना हात लावला. मी पाहिलं. कायले?

उमेंद्र : बाबूजींची रीत. श्रद्धा मोठी होती त्यांची. नागऱ्याच्या महादेवाला जाताना शेतातला रस्ता धरत, अन् चिखल आला का गाडी थांबवून उतरत. पावसात, धोतर वर धरून. दोन्ही चाकांसमोर वाकत, हात लावत, मग पुढं जात. आमची आई म्हणे, गाडीला देव मानतात. म्हणून आम्ही दर दसऱ्याला त्याच जागी हळद-कुंकू लावतो. चाकाच्या मधोमध.

केशोराव : दोन्ही चाकांना? पुढच्याच?

उमेंद्र : पुढच्याच.

केशोराव : मागच्यांना नाही?

उमेंद्र : नाही. कधीच नाही. आम्ही लहानपणी विचारत होतो, का मागच्या चाकांचा देव वेगळा आहे का. हसत होते नुसते.

केशोराव : आणि चिखल संपल्यावर?

उमेंद्र : पुन्हा उतरत. पुन्हा हात लावत. आई म्हणे, हा आभाराचा नमस्कार.

केशोराव : जमुना, तुझ्या केसातली पिन दे. उमेंद्र, मागच्या शेताच्या बांधीत धानाचे पऱ्हे टाकायला पाणी सोडलं आहेस ना?

उमेंद्र : कालच सोडलं. घोट्यावर चिखल आहे. पण काकाजी, पिननं काय करता? ते कुंकू कोरू नका, घरचे रागावतील.

केशोराव : कुंकू, त्याखाली रंग, त्याखाली पुन्हा कुंकू. वीस दसरे बसले आहेत इथं. हे पाहा, निघाली फट. ही खुंटी आहे, पोरा. हातानं फिरवायची. इकडं केली का पुढचं चाक मोकळं, तिकडं केली का चाक आसाला जुळते. दोन्ही चाकांच्या खुंट्या फिरवल्याशिवाय दांडी कितीही ओढ, पुढची चाकं पाहुण्यासारखी नुसती सोबत येतात. ट्रॅक्टरला हे नसते, तुझ्या मिस्त्रीची चूक नाही. तुझा बाप नमस्कार करत नव्हता. खुंटी फिरवत होता.

उमेंद्र : मग घरात कधी सांगितलं काऊन नाही?

केशोराव : तुझ्या आईनं इतक्या कौतुकानं साऱ्यांना सांगितल्यावर कोणता माणूस सांगीन?

(केशोराव दोन्ही खुंट्या फिरवून जीप बांधीत घालतो. चिखल उडतो. जीप मधोमध थांबते, मग हळूहळू, न घसरता, पलीकडच्या शेताच्या उंच धुऱ्यावर चढते.)

उमेंद्र : बापरे. ओढून राहिली. चारही.

जमुना : निगाली जी.

केशोराव : निघाली. आता उमेंद्र, तू भाव वाढवलास तर मी काही म्हणणार नाही. गाडी चांगली आहे, तुला मालूम नव्हतं, आता आहे.

उमेंद्र : सौदा झाल्यावर सांगितलं असतं, तर मला काय समजलं असतं?

केशोराव : एक गोष्ट तीस साल लपवून वाहिली. दुसरी वाहायची ताकद नाही.

उमेंद्र : भाव जो ठरला तोच. बाबूजींची गाडी बिघडली असं समजून दोन साल मी दसऱ्याशिवाय टिनाखाली पाहतही नव्हतो. आज ते पावसात वाकलेले दिसले मला, अन् पहिल्यांदा समजलं, ते काय करत होते. याचा भाव मी कसा लावू? फक्त एक, बाई. दसऱ्याला त्या खुंटीला कुंकू लावा. थोडंच. फिरली पाहिजे.

जमुना : लावीन जी. पन काका, तीस सालाची कोनती गोष्ट?

केशोराव : नाल्याची.

जमुना : वाघावानी उडी मारली ते?

केशोराव : उडीबिडी काही नाही. मी तेव्हा रोजीवर होतो. साहेबानं सकाळीच सांगितलं होतं, पुन्हा गाडी फसवली तर उद्यापासून येऊ नको. नाल्यात फसली. साहेब छत्री घेऊन पायीच टोल्यात गेले. मी 'फोर बाय फोर' ओरडत दांडी ओढत राहिलो अन् ओढत राहिलो. खुंट्या फिरवायच्या असतात हेच डोक्यात नाही. जीप बसली आसापर्यंत. काठावर तुझा बाप उभा होता.

जमुना : बा?

केशोराव : दसरू. चिखलणी करून घरी चालला होता, हल्यांची जोडी घेऊन, तुमचे ते काळे रेडे. काही विचारलं नाही. जू लावलं, दोर बांधला, दोन हाका मारल्या. जीप बाहेर. मग त्यानंच खाली वाकून बंपरचं दोराचं निशाण चिखलानं पुसलं. साहेब आले, तर मी स्टेअरिंगवर बसून. खूश झाले. त्याच साली मला कायम केलं. दोन पोरी शिकल्या माझ्या, घर झालं, आज पेन्शन खातो. सारं त्या दोराला बांधून आलं. आणि मी त्याच्या समोर, त्याच्याच अंगणात बसून, वाघावानी उडी मारल्याची गोष्ट सांगत राहिलो.

जमुना : बा तं म्हने, केशोराव सांगते ते खरं हाये. कोनी हसलं तं त्याले रागावत होता.

केशोराव : मालूम आहे. त्यामुळंच तर खरं सांगता येईना.

जमुना : काका, आमच्या त्या हल्यांची नावं मालूम हायेत तुमाले?

केशोराव : नाही.

जमुना : एकाचं नाव फोर. दुसऱ्याचं बाय. त्याच पाण्याच्या दिवसात ठेवली बानं. आमी इचारलं, बा, अशी कोनती नावं? तं म्हने, सरकारी नावं हायेत. अन् येकटाच हसत बसला. आज समजलं मले.

उमेंद्र : काकाजी, पाणी आणू का?

केशोराव : नको. डोळ्यात चिखल उडाला. जमुना, दसरूला आता ऐकू येते का?

जमुना : जवर जाऊन मोठ्यानं बोला लागते.

केशोराव : गाडी टोल्यात नेली का आधी तुमच्या अंगणात उभी करू. त्याला पुढं बसवायचं, अन् नाल्यातून फिरवून आणायचं. खुंट्या मी फिरवीन.

जमुना : सारा टोला जमा होईन. लोक म्हनतीन, नाल्याची गोष्ट सांगा.

केशोराव : सांगीन. मोठ्यानं सांगीन. हल्ये घालून.

जमुना : किती हल्ये?

केशोराव : दोन, पोरी. दोनच होते.