काका बाहेर, क्वाड बाईक आत

घेतली रे शेवटी क्वाड बाईक! चार जाड टायरची, वाळूवर उडणारी! पण कशी घेतली ते ऐका.

कॉलेज सोडल्यापासून दोन वर्षं डिलिव्हरी करून मी अठरा हजार दिरहम साठवले होते. शोरूममध्ये काका सोबत आलेच. "तुला फसवतील. मी पंचवीस वर्षं दुबईत काढलीत." या पंचवीस वर्षांत त्यांनी आमच्या करामा वस्तीच्या बाहेर कोथिंबीरसुद्धा घेतलेली नाही.

गाडीवर किंमत होती अठरा हजार. बिलात झाले एकवीस. वरचे तीन म्हणे जोडणीचे आणि डिलिव्हरीचे.

"एकवीस म्हणजे जवळजवळ पाच लाख रुपये!" काका ओरडले. मग माझ्या कानात म्हणाले, "आता उठून चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. हाक मारतोच तो." आणि निघालेसुद्धा, ऑगस्टच्या उन्हात.

मी हललो नाही. सेल्समन सलीमभाई, आपल्या रत्नागिरीचे. त्यांना म्हटलं, "गाडी जोडून समोर उभी आहे. न्यायला मित्राचा पिकअप आणलाय. मग तीन हजार कसले?"

सलीमभाई हसले. "कोणी विचारत नाही, म्हणून लावतो. खलास, अठरा दे."

क्वाड पिकअपमध्ये चढवून निघालो, तर काका फुटपाथवर दुकानाकडे पाठ करून उभे. घामाने निथळत, अजून हाकेची वाट बघत.

किंमत ऐकून छाती काढून म्हणाले, "बघ! मी उठलो म्हणून घाबरला."

"हो काका," मी म्हटलं, "पुढच्या वेळी आत येऊच नका."