निळ्या पंपाचं टेंडर

आखातातल्या मनामा शहरात पाणी कंपनीच्या टेंडर-खिडकीपुढे स्वरूप आपल्या कंपनीच्या भावाचं बंद पाकीट घेऊन उभा होता. रांगेत पुढचे, दुसऱ्या कंपनीचे दोघे, इथे कुणाला कळणार म्हणून मराठीत बिनधास्त बोलत होते.

"सर, आपण बाद होणार. पंप निळाच हवा, अशी अट आहे."

"अरे, आपला निळा म्हणून तर ती अट मी घालायला लावली!"

"फॅक्टरीनं यंदा हिरवा केलाय."

"मग रंग मारू. यल्ला, चल, त्यात काय!"

"वरून मारलेला रंग चालणार नाही, असंही लिहिलंय."

"हे कुठल्या गाढवानं सुचवलं?"

"सर... तुम्हीच. दुसरं कुणी घुसू नये म्हणून."

"खलास!"

स्वरूपनं रांगेतून हळूच बाहेर पडून फोन लावला.

"साहेब, आपला पंप निळाच ना? मग पाकीट टाकत नाही. आधी भाव वाढवू या."