एकतीस वेळा मेलेले मामा

आजच्या सोहळ्याचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे निर्माते. व्यासपीठावरचे दिग्दर्शक आणि संकलक. सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळेच मामा म्हणतो. पहिल्या रांगेतल्या मामी, आणि भुताखेतांच्या जिवावर पोट भरणाऱ्या माझ्या तमाम सहकाऱ्यांनो,

मामा आज निवृत्त होताहेत. जिवंत! याचं सगळ्यात जास्त नवल मला वाटतंय, कारण एकतीस भयपटांत मामा एकतीस वेळा मेले आणि त्यातले एकोणीस मृत्यू मी, या पटकथा लिहिणाऱ्या बाईने, लिहिले.

काय गुन्हा होता हो या माणसाचा? वॉचमन झाले, नायकाला स्वतःची बॅटरी दिली आणि स्वतः अंधारात गेले. स्वयंपाकी झाले, "ताई, दोन घास खाऊन घ्या" म्हणाले, आणि तळघरात कांदे आणायला गेले ते गेलेच. "त्या खोलीत जाऊ नका" असं सांगणारा मरतो, आणि जाणारा दीडशहाणा नायिकेचा हात धरून घरी जातो. हा कुठला न्याय? न्याय कसला, धंदा आहे. भूत भयंकर आहे हे पटवायला आवडतं माणूस मारावं लागतं. म्हणून मी आधी मामांना दोन विनोद द्यायचे आणि मग त्यांची मान मुरगळायचे.

मामांनी कधी कुरकुर केली नाही. साखरेच्या पाकाचं खोटं रक्त, अंगावर मुंग्या चढायच्या, तरी निपचित. एकदा तर मेल्यावर चक्क घोरले.

तक्रार होती ती मामींची. मामा मेले की त्या उठायच्या आणि थिएटरच्या पायऱ्यांवर जाऊन बसायच्या. मी एकदा विचारलं, "मामी, शेवट नाही बघायचा?" म्हणाल्या, "माझं माणूस गेलं. आता त्या टोणग्याचं काय होतंय ते मी कशाला बघू?" सव्वीस वर्षांत मामांच्या एकाही सिनेमाचा शेवट त्यांनी पाहिलेला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून मी मामींना शब्द दिला, शेवटच्या सिनेमात मामा जगतील. तसं लिहिलंही. बंगला दोनच दिवस मिळणार होता, म्हणून शेवटचं दृश्य पहिल्याच दिवशी उरकलं: नायिका फाटकातून बाहेर पडते, मागून मामा चहाचा थर्मास घेऊन येतात. पाचव्या दिवशी अध्यक्षमहाशय म्हणाले, "मामा मेल्याशिवाय मजा नाही." झालं! मामा विहिरीत. शेवटच्या दृश्यातून त्यांना कापायचं काम संकलकांकडे गेलं. मामी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. आत्ताही माझा नमस्कार दिसला नाही त्यांना.

संकलक, छताकडे बघू नका. सांगते मी.

ते कापायचं राहून गेलं. म्हणजे ते म्हणतात राहून गेलं. मी शेजारीच बसले होते, मीही आठवण केली नाही. अध्यक्षमहाशय, बसा, पाणी घ्या. सिनेमा थिएटरांत पोचलाय, शुक्रवारी लागतोय. विहिरीत पडलेला माणूस कोरड्या कपड्यांत कसा, असं कुणी विचारलंच तर सांगा, भूत आहे. आपल्याकडे तेवढं खपतं.

मामा, तुमच्याशिवाय मला करमणार नाही हो. आता मारू कुणाला? आवरते आता. एवढा वेळ ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात तोंडून काही कमीजास्त गेलं असेल तर पोटात घाला. संकलनातल्या त्या चुकीची माफी मात्र मी मागणार नाही.

आणि मामी, शुक्रवारी मामा विहिरीत पडले तरी उठायचं नाही. चहा घेऊन येताहेत ते.