सात नंबरचा तीळ

हॅलो?… हो, थामच बोलतेय. माझा फोन आणखी कोण उचलणार… बोल न्हुंग. नाही, आत्ता टेबलावर कुणी नाही. एक आत्ताच गेली, दोन्ही काखा आणि पाय. जेवायला बसले होते.

कुठलं जेवण, डबा उघडला नि झाकला. भातावर डुकराची भाजलेली फोड, आणि खोलीत तोच वास… जळक्या केसांचा. टेटच्या सणाआधी आपल्या अंगणात डुक्कर पेंढ्यावर होरपळवायचे ना, अगदी तसा. सहा वर्षं झाली या लेझरच्या खोलीत, वास नाकात बिऱ्हाड करून बसलाय. शी.

हं… लग्नाला दहा दिवस राहिले, माहितेय. पुढे बोल… काय काढायचं?

कुठला तीळ?

डाव्या डोळ्याखालचा… कुणी सांगितलं? सासूबाईंनी? त्याच ना, हनुवटीवरच्या तिळाला लांब केस असलेल्या? बोलणी करायला आल्या होत्या तेव्हा तो केस सूपमध्ये पोहत होता. मला घास गिळवेना.

अगं ऐक ना… माहितेय मला. आसवांचा तीळ, नवऱ्याला खातो. आमच्या भिंतीवर तक्ताच आहे. बाईचा चेहरा, त्यावर ठिपके, तांबडे शुभ, काळे अशुभ. तुझा सात नंबर. बायका येतात, खाणावळीत मासा दाखवावा तसं बोट ठेवतात आणि आडव्या होतात. आज सकाळपासून तीन सात नंबर जाळले मी. एकीची सासू दारात उभी राहून बघत होती, पुरता गेला की नाही ते. किळस येते गं.

त्यांची नाही. माझ्या हातांची.

हो, हो… पाच मिनिटांचं काम आहे. डोळ्यावर पत्र्याची वाटी बसवायची, डाग राहत नाही, दुखत नाही. म्हणून तर जास्त किळस येते. पण तुझा मी नाही काढणार… का म्हणजे?

न्हुंग, आईच्या डोळ्याखाली तो खळगा आहे ना… तेल उडालं नव्हतं. तुला तसं मीच सांगितलं होतं.

तिलाही होता. तिथेच. तू झोळीत होतीस, तुला कसा आठवेल. नदीने बाबांना नेलं आणि गल्लीने आईचा तीळ धरला. पुराच्या पाण्यात नाव उलटली, पण बोट सगळ्यांचं एवढ्याशा ठिपक्यावर. विहिरीवर तेच, दुकानात तेच. एका दुपारी आई मला म्हणाली, थाम, शेजारच्या म्हातारीकडून चुन्याची डबी आण. मी धावत आणली. नऊ वर्षांची होते, वाटलं आई विडा खाणार.

…ऐकतेयस ना?

तिने तो चुना तिळावर थापला. महिनाभर पू वाहिला. माश्या बसायच्या, मी पंख्याने वारायचे. मग कातडी आवळली, खालची पापणी ओढली गेली. तेव्हापासून तो डोळा गळतो… चुलीच्या धुराने नाही गं. आईकडे गॅस येऊन बारा वर्षं झाली. हसली तरी गळतो, झोपेत उशी भिजते. आसवांचा तीळ जाळला, त्याची ही भरपाई.

थांब हं, दारात कुणी आलंय… बसा बाई. काय करायचंय? …सात नंबर? आज नाही होणार. मशीनला काही झालं नाही, मीच नाही करणार. हो, मालकीणबाईंना सांगा खुशाल…

हं, बोल. गिऱ्हाईक होतं, गेलं. मालकीण ओरडेल, ओरडू दे… दुसरीकडे नेतील म्हणतेस? नेतील. कॅन थोमध्ये गल्लोगल्ली दुकानं आहेत. तू जाणार आहेस का, ते सांग.

हळू का बोलतेस? …सासूबाई शेजारीच बसल्यात? लग्नाचं विड्या-सुपारीचं तबक लावतायत? बरं. दे त्यांना फोन.

नमस्कार काकू. हो, बरी आहे… हो, एकुलता एक मुलगा, जीव धास्तावणारच… या ना, दोघी या, मीच करते. फक्त एक आहे काकू. तुमच्या हनुवटीवरचा तो केसही त्याच वेळी काढू… शुभ आहे, माहितेय मला. आयुष्याचा केस. जन्मात कातरला नाहीत. पण माझं मशीन शुभ-अशुभ वाचत नाही, काळं दिसलं की जाळतं. आधी तुमचा केस, मग तिचा तीळ… नाही, दुखणार नाही. एवढासा तर केस… का बरं? …तुमचा आहे, बरोबर. तिचाही तिचाच आहे, काकू. आईकडून आलेला तेवढाच धड राहिलाय.

काकू?… हॅलो?

हं, तू होय. काय झालं?… हनुवटीवर पदरासारखा हात धरून आत गेल्या? …काय म्हणाल्या? लग्नानंतर बघू? आणि तू?… नाही काढणार म्हणालीस. कधीच नाही. त्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस? …बरं.

आणि खांग? तुझा होणारा नवरा काय म्हणतो?… तिथेच ओठ टेकवतो? ते मला नको सांगूस, अजून जेवायचंय मला.

ऐक, एक कर. तबकात चुना येईल ना… डबी झाकून आणायला सांग. आईसमोर उघडू नका. …हो. तेवढंच.

न्हुंग? रडतेस?

कुठल्या डोळ्यातून?… सांग ना. हात लावून बघ…

दोन्ही? मग रड पोटभर. ठेवते मी.